गणिताआधीची आकृती

पूल, धरणाचा दरवाजा किंवा पंपाचे कवच प्रत्यक्ष घडविण्याआधीच ते भार सोसेल की नाही हे संगणकावर पाहता येते, हे आपण ऐकले असेलच. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की आकृती आत घातली, कळ दाबली, की उत्तर बाहेर! या कामात पडलो तेव्हा आमचाही समज हाच होता. पुढे कळले की कळ दाबणे हे सर्वांत सोपे काम. दिवस जातात ते आकृती गणिताजोगी करण्यात.

मुळात संगणक वस्तूचे गणित सबंध करीत नाही. तो तिचे लहान तुकडे पाडतो, प्रत्येकाचे साधे समीकरण मांडतो आणि सारी समीकरणे एकदम सोडवितो. तुकड्यांचे हे जाळे नीट विणले जावे म्हणून आकृती आधी साफ करावी लागते.

पहिली अडचण आयातीची. आकृती एका प्रणालीत काढलेली, गणित दुसरीत व्हायचे. दोहोंना समजेल अशी सामाईक लिपी हवी म्हणून १९८० च्या सुमारास ‘आयजेस’ आणि १९९४ साली ‘स्टेप’ ही प्रमाणे ठरली. तरी घोळ उरतोच. दोन पृष्ठांच्या कडांत केसाहून बारीक फट असली तर एक प्रणाली ती जुळली असे मानते, दुसरी मानीत नाही. मग डोळ्यांना भरीव दिसणारी वस्तू गणिताला फुटक्या कळशीसारखी वाटते; आत काय नि बाहेर काय हेच तिला कळत नाही. ‘एसटीएल’ नावाच्या प्रकारात तर मापाचे एकक लिहिलेलेच नसते. शंभर मिलिमीटरचा खिळा शंभर मीटरचा म्हणून आत येतो, आणि यंत्र हूं की चूं करीत नाही!

त्याहून अवघड प्रश्न, काय गाळायचे हा. कवचावरची उठावाची अक्षरे, स्क्रूचे आटे, बाहेरच्या कडांची किंचित गोलाई यांपायी लाखो तुकडे फुकट वाढतात; ती बहुधा पुसून टाकावी. पण आतल्या कोपऱ्यातली गोलाई मात्र भार वाहणाऱ्या जागी कधी पुसू नये. तिथे अणकुचीदार कोपरा ठेवला तर जाळे जो जो बारीक करावे तो तो ताणाचा आकडा चढतच जातो, त्याला अंतच नाही. बाहेरची गोलाई शोभेची, आतली जिवाची. हा भेद यंत्राला ठाऊक नसतो.

आकृतीचे जाळे नीट न पडले तर काय होते, हे नॉर्वेने पाहिले. ‘स्लाइपनर ए’ हा समुद्रातील तेलवायूच्या तळाचा काँक्रीटचा प्रचंड पाया. त्यात एकमेकांना चिकटून २४ कोठ्या होत्या. तीन कोठ्यांच्या मध्ये जी तिकोनी पोकळी राहते तिच्यात समुद्राचे पाणी शिरे आणि भिंतींवर दाब येई. नेमक्या त्या कोपऱ्यांतले तुकडे आकृतीत भरड आणि तिरकस पडले होते. त्यामुळे भिंत कापू पाहणारे बल प्रत्यक्षाहून ४७ टक्क्यांनी कमी निघाले. त्यात सळ्यांची पकडही अपुरी. २३ ऑगस्ट १९९१ रोजी, स्टाव्हांगरजवळच्या खाडीत पाया हळूहळू बुडवीत असता भिंत फुटली आणि सबंध पाया तळाला गेला. प्राणहानी झाली नाही, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे.

कोणी म्हणेल, संगणक चुकला. आम्हांला ते पटत नाही. त्याने दिलेल्या आकृतीचे गणित बिनचूक केले. आकृतीच भिंतीची खरी कहाणी सांगत नव्हती. अपघातानंतर तीच भिंत काळजीपूर्वक बारीक जाळ्याने पुन्हा मांडून पाहिली, तेव्हा ती ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती फुटली होती ६५ मीटरला.