टॉवरची भीती आणि हातातला मोबाईल

कळंबसारख्या गावात वस्तीजवळ मोबाईलचा टॉवर उभा राहणार म्हटले की आयाबायांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "लेकराबाळांना कॅन्सर तर होणार नाही ना?" ही भीती अडाणीपणाची आहे असे कोणी म्हणू नये. मुंबईत मलबार हिलच्या श्रीमंत वस्तीतही टॉवरविरुद्ध ओरड झाली. अभिनेत्री जुही चावला त्यात पुढे होत्या. पवईच्या आय.आय.टी.चे प्रा. गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये सरकारला धोक्याचा इशारा देणारा अहवाल दिला. पुढे १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

मग खरे काय? क्ष-किरण शरीरातील पेशींची मोडतोड करू शकतात, तेवढी शक्ती मोबाईलच्या लहरींत नसते. त्यांनी फार तर किंचित ऊब येते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा यादीत घातले, आणि त्यावरूनच गहजब झाला. पण त्याच यादीत पुढे कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आला! २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तंबाखूचे मात्र तसे नाही. तिच्याबद्दल शंकाच उरलेली नाही, आणि आपल्या कितीतरी घरांत सकाळ मिश्रीने सुरू होते.

आता एक गोष्ट माता-भगिनींनी नीट समजून घ्यावी. टॉवरच्या लहरी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. मोबाईल मात्र कानाला चिकटलेला असतो. टॉवर लांब असला, रेंज कमी असली, की तो जास्त जोर लावून लहरी फेकतो. म्हणजे टॉवर गावाबाहेर हाकलला तर डोक्याजवळच्या लहरी उलट वाढतात!

तरीही मनात धाकधूक असेल तर लांबलचक बोलणे स्पीकरवर करावे, रेंज नसेल तेथे बोलणे आटोपते घ्यावे. मोबाईलवर *#०७# दाबले की बहुतेक फोनवर त्याचा 'सार' आकडा दिसतो. तो आपल्याकडे १.६ च्या वर असता कामा नये. पेसमेकर बसवलेल्यांनी फोन छातीजवळच्या खिशात ठेवू नये.