हॉटेलातल्या मावशींसाठी काय न्यावे?



पूर्वजांची भूमी पाहण्यासाठी आपल्यापैकी अनेक कुटुंबे मुंबई, पुणे, पंढरपूरला जातात. ओळखीच्या मंडळींसाठी भेटवस्तू आठवणीने नेतात. परंतु जेथे आठ दिवस मुक्काम करायचा, तेथे खोली झाडणाऱ्या माणसांची आठवण निघतानाच होते. मग अर्धी साबणाची वडी, वापरलेला टॉवेल मागे ठेवला जातो. ही भेट नव्हे, हे ओझे टाकणे झाले.

पंढरपूरच्या एका लॉजमध्ये एक मावशी माझ्या आईसाठी रोज पहाटे गरम पाण्याची बादली आणून देत. निघताना आम्ही व्हॅनिलाच्या चहाचे पाकीट त्यांच्यासाठी पलंगावर ठेवले. बिल देताना व्यवस्थापकांनी तेच पाकीट आमच्यापुढे केले. "तुमची वस्तू खोलीत राहिली होती." मावशी बाजूला खाली मान घालून उभ्या होत्या.

चूक आमची होती. खोलीत राहिलेली वस्तू कामगाराने कचेरीत जमा करायची असते. घरी जाताना अनेक ठिकाणी पिशव्याही तपासतात. चिठ्ठी नसेल, तर भेटीची चोरी ठरू शकते. म्हणून पाकिटावर "ही भेट आपल्यासाठी आहे" असे लिहावे. खाली नाव, खोलीचा क्रमांक, तारीख आणि सही असावी. चिठ्ठी मुलांकडून मराठीतच लिहून घ्यावी. मावशींना ती वाचता येईल आणि मुलांच्या मराठीचेही चीज होईल.

न्यावे काय? बोआ शेरीच्या मळ्यातला चहा हलका असतो, टिकतो आणि तो आपल्या बेटाचा आहे. आपली काळी, गुळाच्या वासाची साखरही चांगली. १८३४ नंतर आलेल्या आपल्या मजुरांच्या घामाची कथा तिच्यात आहे. रम नेऊ नये. खाऊ द्यायचा तर तो शाकाहारी असावा. पैसे द्यायचे तर भारतीय रुपये, तेही पाकिटात घालून. नाव एकच असले तरी आपला रुपया तेथे चालत नाही.

एका मोठ्या भेटीपेक्षा चार लहान पुड्या बऱ्या. सामान वाहणारा, रात्रीचा पहारेकरी, कपडे धुणारा, कोणी सुटू नये. शेवटच्या दिवसाची वाटही पाहू नये, कारण त्या दिवशी मावशींची सुट्टी असू शकते. आणि व्यवस्थापकांना दोन ओळींचे पत्र जरूर लिहावे, त्यात कामगाराचे नाव असावे. चहा संपतो, नावाने केलेली प्रशंसा नोकरीत पुढेही उपयोगी पडते.

इतर देशांत जाताना तेथील रीत आधी विचारावी. जपानमध्ये बक्षिसी देण्याची पद्धत नाही; उघडी नोट हातावर ठेवली तर समोरचा माणूस संकोचतो.

फ्लिक आँ फ्लाक किंवा ल मॉर्नच्या हॉटेलांत आपल्याच घरची मुलेमुली परक्यांची अंथरुणे घालतात. एखाद्या पाहुण्याने नाव विचारून आभार मानले, तर त्या संध्याकाळी ती घरी कशी परततात, हे आपण पाहिलेले आहे. तोच आनंद आपणही दुसऱ्याच्या घरी पोहोचवू या. फूल ना फुलाची पाकळी, पण ती मानाने द्यावी.