जुन्या बास गिटारचे मोल

वाद्यवृंदात ज्याचा स्वर सर्वांत शेवटी लक्षात येतो, परंतु जो थांबताच सारे गाणे पोरके वाटू लागते, असे वाद्य म्हणजे बास गिटार. हिंदी चित्रपटसंगीतावर वाढलेल्या मराठी रसिकाला राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे नाव कदाचित ठाऊक नसेल. पण बास गिटारची साथ त्याने असंख्य वेळा ऐकलेली असते. सर्वसाधारण बास गिटारला चार तारा असतात व तिच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ इतकी असतात. तंबोऱ्यातील खर्जाची तार गायनाला जो पाया पुरवते, तोच पाया ही तार आधुनिक संगीताला पुरवते; शिवाय लयीचा भारही वाहते.

या वाद्याचे चाहते बंगळुरूत मोठ्या संख्येने आढळतात, हे स्वाभाविकच आहे. पाश्चात्त्य रॉक संगीताला या शहराने दीर्घकाळ आश्रय दिला आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेला 'थर्मल अँड अ क्वार्टर' हा वाद्यवृंद इथलाच. पॅलेस ग्राउंड्सच्या मैदानावर २००२ मध्ये रॉजर वॉटर्स, २००७ मध्ये 'आयर्न मेडन' आणि २०११ मध्ये 'मेटॅलिका' यांचे कार्यक्रम झाले. यांपैकी वॉटर्स हे स्वतः बासवादक, तर 'आयर्न मेडन'चे संस्थापक स्टीव्ह हॅरिस हेही बासवादकच. अशा मैफली ऐकलेल्या आणि आता नोकरीत स्थिरावलेल्या तरुणांना 'जुनी, अस्सल' बास गिटार आपल्याकडे असावी असे वाटू लागते. त्यांत नोकरीनिमित्त बंगळुरूत आलेले मराठी तरुणही असतात. ही खरेदी कित्येकदा काही महिन्यांच्या पगाराची असते. म्हणूनच ती भावनेच्या भरात न करता विचारपूर्वक करणे हिताचे ठरते.

जुनेपणाला किंमत का?

विजेवर चालणारी आडवी, पडदे असलेली बास गिटार १९३० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टटमार्क यांनी बनवली होती. परंतु ती फारशी रुजली नाही. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बास' बाजारात आणली आणि उभ्या, अवजड डबल बासला पर्याय मिळाला. १९६० मध्ये त्यांचीच 'जाझ बास' आली. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांची कंपनी सीबीएस या उद्योगसमूहाने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. पुढील काळात उत्पादन वाढले, पण दर्जा घसरला, असे संग्राहकांचे मत बनले. परिणामी १९६५ पूर्वीच्या गिटारींना वेगळाच भाव आला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. १९६४ ची गिटार १९६७ च्या गिटारीपेक्षा अधिक महाग असते ती प्रामुख्याने संग्राहकांच्या मागणीमुळे. दोहोंच्या नादातील फरक त्या प्रमाणात असतोच असे नाही. ज्याला वाद्य वाजवावयाचे आहे त्याने संग्राहकाची किंमत मोजण्याचे कारण नाही. १९८२ मध्ये 'फेंडर जपान'ची स्थापना झाली. त्या सुरुवातीच्या वर्षांतील जपानी बास गिटारी उत्तम कारागिरीबद्दल नावाजल्या जातात व अमेरिकी जुन्या वाद्यांच्या मानाने आवाक्यातील असतात.

वाद्याचा 'सर्च रिपोर्ट'

घर घेताना ज्याप्रमाणे मालकी हक्काचा शोध घेतला जातो, त्याचप्रमाणे जुन्या वाद्याचाही शोध घ्यावा लागतो. फेंडरच्या जुन्या गिटारींचा अनुक्रमांक मागील बाजूच्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असे. ही पट्टी चार स्क्रू काढताच सुटते, म्हणजे ती बदलणेही तितकेच सोपे. त्यामुळे केवळ अनुक्रमांकावर विसंबू नये. गिटारीची मान धडापासून अलग केल्यास तिच्या टोकावर बहुधा उत्पादनाचा काळ लिहिलेला वा छापलेला आढळतो.

याहून बोलका पुरावा आवाज कमीअधिक करणाऱ्या बटणांखालील पॉटवर असतो. '१३७६६१२' असा आकडा तेथे असल्यास १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेतांक, ६६ म्हणजे १९६६ हे वर्ष व १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. विक्रेता गिटार १९६४ ची असल्याचे सांगत असेल, तर एकतर पॉट नंतर बदललेला आहे किंवा सांगितलेले वर्ष चुकीचे आहे. दोन्ही परिस्थितीत किंमत कमी करून मागण्यास आधार मिळतो. मूळ रंग खरवडून नव्याने रंगवलेल्या गिटारीचे संग्राहकी मूल्य तर ढोबळमानाने निम्म्यावर येते. तिचा नाद मात्र तेवढ्याने निम्मा होत नाही. वादकाच्या दृष्टीने अशी गिटार हीच किफायतशीर खरेदी ठरू शकते.

लाकडाची चौकशीही आवश्यक आहे. १९६० च्या दशकातील अनेक गिटारींच्या मानेवर ब्राझीलच्या शिसवीची पट्टी असते. या झाडाच्या व्यापारावर १९९२ पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने कडक निर्बंध घातले असून अशा लाकडाचे वाद्य विक्रीसाठी देशाबाहेर पाठवताना परवान्याची गरज असते. पुढे तिची जागा बहुतांशी भारतीय शिसवीने घेतली. पश्चिम घाटाच्या जंगलांत वाढणारा हा वृक्ष जगभरच्या गिटारींवर जाऊन बसला, ही बाब मराठी व कन्नड वाचकांना सारखीच कौतुकाची वाटेल. २०१७ मध्ये शिसवीच्या सर्व जातींवर निर्बंध आले. ब्राझीलची शिसवी वगळता तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली.

वाजवून पाहताना

प्रथम मान तपासावी. तारांच्या ताणामुळे ती कालांतराने वाकते. तो बाक सरळ करण्यासाठी तिच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ही सळई अजून फिरते आहे ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. ती आटलेली वा तुटलेली असल्यास दुरुस्ती मोठी असते. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक पडद्यावर सूर वाजवून पाहावा. जेथे खरखर येते तेथील पडदे झिजलेले असतात. बटणे फिरवताना येणारी चरचर बहुधा साफसफाईने जाते, पण पिकअप मुका असल्यास त्याची तार पुन्हा गुंडाळावी लागते. वजनाकडेही दुर्लक्ष नको. दोन तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते जाणवतेच.

ज्याला केवळ 'जुना नाद' हवा आहे, त्याने आधी एक स्वस्त प्रयोग करून पाहावा. जवळच्या नव्या गिटारीवर सपाट वेटोळ्यांच्या, म्हणजे 'फ्लॅटवाउंड' तारा चढवाव्यात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतील विख्यात बासवादक जेम्स जेमर्सन अशाच तारा वापरत आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसत. या प्रयोगाने अनेकांची हौस थोडक्यात भागते.

ॲम्प्लिफायर आणि वीज

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची ऊब ज्यांना आठवते, त्यांना व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे आकर्षण समजावून सांगावे लागत नाही. १९६९ मध्ये आलेला ३०० वॅटचा 'ॲम्पेग एसव्हीटी' हा त्यांतील मानदंड. परंतु येथे जिवाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची, तर आपली २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची. तेथील ॲम्प्लिफायर थेट जोडल्यास जळून जाईल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतील ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. त्याच्या क्षमतेची खात्री आधी करून घ्यावी.

जुन्या अमेरिकी यंत्रांना पुष्कळदा दोनच पिना असतात, म्हणजे अर्थिंग नसते. गिटारीच्या तारांना हात लावून उभ्या असलेल्या वादकाला त्यामुळे विजेचा धक्का बसू शकतो. तीन पिनांची, अर्थिंगची वायर बसवून घेणे हे पहिले काम. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालौघात निकामी होतात, तेही बदलावेत. सुटे भाग बंगळुरूच्या एस. पी. रोडवरील बाजारात शोधता येतात, मात्र हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडेच सोपवावे. प्लग काढल्यानंतरही अशा यंत्रात प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

खर्चाचा हिशेब

समजा, एखाद्या गिटारीची किंमत १,००,००० रुपये सांगितली आहे. पडदे बदलणे, पिकअपची दुरुस्ती व मजबूत पेटी यांसाठी २५,००० रुपये लागणार असतील, तर ती गिटार सव्वा लाखाची आहे असे समजूनच निर्णय घ्यावा. परदेशातून मागवताना वाहतूक, विमा व आयात शुल्क यांची भर पडते. शिवाय वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी सीमाशुल्क दलालाचा सल्ला घ्यावा व रक्कम अधिकृत बँकिंग मार्गानेच पाठवावी. विक्रेत्याकडून अनुक्रमांकासह पावती घ्यावी. भाव पुढे वाढेल या आशेवर कर्ज काढून वाद्य घेणे श्रेयस्कर नव्हे. वाद्यावर व्याज मिळत नाही, आणि गरजेच्या वेळी त्याला तत्काळ ग्राहक मिळेलच याची हमी नसते.

पावती, छायाचित्रे आणि विमा यांचे महत्त्व या वाद्याच्या इतिहासानेच पटवून दिले आहे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे घेतलेली हॉफनर बास १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीस गेली. ती परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, तोवर अर्धशतक उलटले होते. जेमर्सन यांची १९६२ ची प्रिसिजन बास १९८३ मध्ये त्यांच्या निधनाच्या थोडे आधी चोरीस गेली. ती पुन्हा सापडली नाही.

जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जाझ बासची कथा आणखी निराळी. त्यांनी तिचे पडदे काढून टाकले, खाचा भरल्या आणि पट्टीवर इपॉक्सीचा लेप चढवला. संग्राहकाच्या लेखी हा वाद्याचा नाशच. पण त्याच गिटारीवर त्यांनी बासवादनाची दिशा पालटली. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती चोरीस गेली. अनेक वर्षांनी सापडल्यावर 'मेटॅलिका'चे बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या मदतीने ती पास्टोरियस कुटुंबाच्या ताब्यात आली. २०११ मध्ये बंगळुरूच्या मैदानावर वाजवून गेलेले बासवादक ते हेच.

आज ही गिटार अमोल मानली जाते, ती १९६२ ची आहे म्हणून नव्हे. त्या वर्षाच्या इतर गिटारीही अस्तित्वात आहेत. तिचे मोल पास्टोरियस यांच्या वादनाने वाढवले. म्हणूनच जुनी बास गिटार निवडणाऱ्याने कागदपत्रे तपासावीत, हिशेब करावा, अर्थिंग नीट करून घ्यावे, आणि त्यानंतर ती पेटीत जपून न ठेवता रोज थोडा वेळ तरी वाजवावी.