शेवटच्या पडद्याआधी

शोकांतिका पाहताना आपला रुमाल बाहेर येतो तो शेवटच्या अंकात. त्यामुळे मरणाचा प्रसंग म्हणजेच नाटकाचा उत्कर्षबिंदू, असा पुष्कळांचा समज असतो. मला तो पटत नाही. मरण हे फळ. ते झाडाला कधी धरले, हे शोधायला हवे.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' घ्या. गडकरी आमच्या विदर्भातच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात हे नाटक रंगभूमीवर आणले. मलकापुरात आमच्या घरी एकदा त्यावर चांगलाच वाद रंगला. कॉलेजात शिकणारी पुतणी म्हणाली, "काका, सुधाकराच्या हातून मूल जाते, तोच उत्कर्षबिंदू." शेजारचे वकीलसाहेब म्हणाले, "छे हो! कोर्टातल्या अपमानानंतर तळीराम पहिला प्याला पुढे करतो, तिथेच सारे आटोपले."

माझे बोट मात्र मधल्या एका जागी थांबते. सुधाकर दारू सोडतो, काम मागत ओळखीच्यांच्या दारी जातो, जो तो त्याला दारूबाज म्हणून झिडकारतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या प्याल्यानंतर परतीची वाट शिल्लक होती. इथे ती बंद होते. पुढे उरते ती घसरण.

जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग याने १८६३ साली पाच अंकी नाटकाची रचना मांडली, तेव्हा शिखर मध्यावरच ठेवले. देवलांनी 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलेला शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' पाहा. बायकोचा खून पाचव्या अंकात होतो, पण नवऱ्याच्या मनात संशय घर करतो तो तिसऱ्या अंकात. तेव्हा प्रत्येक प्रसंगी एकच विचारावे : यानंतर हा माणूस माघारी फिरू शकेल का? 'नाही' हे उत्तर जिथे पहिल्यांदा येते, तो उत्कर्षबिंदू.

हा प्रश्न केवळ परीक्षेतल्या मार्कांचा नाही. शिखर शेवटी धरले, तर दोष एकट्या सुधाकराचा; पहिल्या प्याल्यापाशी धरले, तर दोष तळीरामाचा. मध्ये धरले, की दार लावून घेणारी स्नेहीमंडळीही, म्हणजे तुम्ही-आम्हीही, त्या नाटकात येतो. दारू सोडलेला एखादा माणूस आपल्याही गल्लीत दुकानाच्या पायरीशी काम मागत उभा राहतो. त्याला काय उत्तर मिळते, यावर त्याच्या घरचा पुढचा अंक ठरतो.