अपत्यापूर्वीची सिद्धता : प्रकृतीची आणि पैशाची

गर्भवती स्त्री प्रथम आरोग्य केंद्रात जाते ती बहुधा पाळी चुकून महिना-दीड महिना लोटल्यावर. तोवर तिला मळमळ सुरू झालेली असते, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या लक्षात गोष्ट आलेली असते आणि मग नाव नोंदविण्यासाठी दिवस ठरतो. नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत व्हावी असा आरोग्य खात्याचा आग्रह असून तो योग्यच आहे. परंतु गर्भाच्या घडणीतील एक फार महत्त्वाची गोष्ट त्याआधीच घडून गेलेली असते. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू तयार होतात, ती मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून त्या वेळी जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती असल्याची शंकाही आलेली नसते. ही नलिका नीट मिटली नाही तर मूल पाठीच्या कण्याच्या दुभंगासह जन्मास येते. काही वेळा मेंदू व कवटीच अपुरी राहते व असे मूल जगत नाही. पुढे नऊ महिने कितीही काळजी घेतली आणि कितीही गोळ्या घेतल्या, तरी हा दोष भरून निघत नाही.

या दोषाचे सर्वच प्रकार टाळता येतात असे नाही, पण पुष्कळसे टाळता येतात, आणि ज्या द्रव्याने टाळता येतात त्याचा शोध मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांच्या दुखण्यातून लागला. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गरोदरपणात कापड गिरण्यांतील स्त्रियांना जो भयंकर रक्तक्षय होत असे, त्याचे कारण त्या शोधीत होत्या. लोह देऊन तो बरा होत नव्हता. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर तो बरा होतो असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि पानावरूनच त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. मज्जानलिकेच्या दोषाशी त्याचा संबंध निर्विवादपणे सिद्ध होण्यास मात्र १९९१ साल उजाडले. ज्या मातांना पूर्वी असे सदोष मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून ही गोळी दिल्याने तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले, असे ब्रिटनमधील वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रयोगात दिसून आले.

म्हणून मूल हवे असा विचार ज्या दिवशी पक्का होतो, त्या दिवसापासून स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेण्यास प्रारंभ करावा. निदान एक महिना आधी आणि गर्भ राहिल्यावर पहिले तीन महिने ती चालू असावी. पूर्वी असे मूल झाले असल्यास मात्रा बरीच अधिक लागते व ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. गोळी अत्यंत स्वस्त आहे. अडचण किमतीची नसून वेळेची आहे.

आता रक्तक्षयाविषयी. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम तरी असावे. त्याखाली गेल्यास रक्तक्षय समजतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. गोव्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के, म्हणजे देशाच्या मानाने कमी असले तरी दहांतील चार स्त्रिया हे काही समाधान मानण्याजोगे चित्र नव्हे. शाळेत मुलींना दर आठवड्यास लोहाची निळी गोळी मिळते, हे शिक्षकांस ठाऊक आहेच. शाळा सुटली की ती गोळीही सुटते. वीस वर्षांवरील, गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी अशीच आठवड्याची लाल गोळी २०१८ पासूनच्या रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमात सांगितली आहे. परंतु आपण आजारी नसताना गोळी मागावयास जाणारी स्त्री विरळाच. परिणामी लोहाची पुढची गोळी तिच्या हाती पडते ती गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात. रिकाम्या कोठारावर नऊ महिन्यांचा भार पडतो व बाळंतपणात थोडा अधिक रक्तस्राव झाला तरी जीवावर बेतते. मूल होण्याच्या विचारापूर्वी तीन-चार महिने रक्त तपासून घेतले, तर हा तोटा भरून काढण्यास पुरेसा अवधी मिळतो. आठवड्याच्या गोळीत फॉलिक ॲसिड असले तरी ते वर सांगितलेल्या रोजच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही, एवढे ध्यानी ठेवावे.

आहारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तांबडी भाजी, कुळीथ, अळसांदे, नाचणी हे पदार्थ घराघरांत आहेत. पालेभाजी फार वेळ शिजविली की तिच्यातील फॉलेट नष्ट होते, म्हणून ती बेताचीच शिजवावी. जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा असल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवताच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. मासळी खाणाऱ्यांनी तारले, बांगडा अशी लहान मासळी जरूर खावी. मोरीसारख्या मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मासळीत पारा साठलेला असतो व तो गर्भाच्या मेंदूस घातक ठरतो. तिचे प्रमाण या काळात शक्य तितके कमी करावे. लहान मासळीच बाजारात स्वस्त असते, हा गरिबाच्या बाजूने पडणारा दुर्मिळ योग म्हणावा लागेल.

गोव्याच्या बाबतीत एका तपासणीवर विशेष भर द्यावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. तरुण स्त्रीस मधुमेह असूनही तो ठाऊक नसणे अशक्य नाही. पहिल्या काही आठवड्यांत, ज्या काळात गर्भाचे हृदय व मज्जानलिका आकार घेत असतात, आईच्या रक्तातील साखर वाढलेली असेल तर जन्मजात व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणून आधीच उपाशीपोटीची साखर पाहून घ्यावी. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी चाचणी ६.५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच गर्भधारणेचा विचार करणे हिताचे. त्याच वेळी रक्तदाब, वजन आणि थायरॉईडची तपासणी होऊन जावी.

जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, हा मुलांना होणारा किरकोळ ताप समजला जातो. परंतु गरोदरपणाच्या आरंभी तो झाल्यास मूल मोतीबिंदू, बहिरेपणा वा हृदयाचा दोष घेऊन जन्मते, हे ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य डॉ. ग्रेग यांनी १९४१ सालीच दाखवून दिले. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला लसीची राष्ट्रीय मोहीम ज्या पाच प्रदेशांत प्रथम सुरू झाली, त्यांत गोवा होता. त्या वेळी पंधरा वर्षे ओलांडलेल्या मुली मोहिमेत आल्या नाहीत. लस घेतल्याची नोंद नसल्यास आरोग्य सेविकेकडे चौकशी करावी. ही लस गरोदरपणी देता येत नाही आणि घेतल्यावर निदान एक महिना गर्भ राहू देऊ नये. म्हणजे हेही काम आधीच उरकावयाचे आहे.

थॅलॅसेमिया व सिकलसेल या रक्ताच्या आजारांचे वाहक धडधाकट असतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. पती व पत्नी दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव २५ टक्के असतो. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शाश्वती नसते. रक्ताच्या एका चाचणीने वाहकत्व कळते आणि ती विवाहापूर्वीच झाली तर उत्तमच.

अपस्मार, रक्तदाब, मुरमे वा मानसिक विकार यांसाठी नित्य औषध घेणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांस आपला विचार सांगावा. अपस्मारावरील सोडियम व्हॅलप्रोएट गर्भाच्या मज्जानलिकेस अपायकारक आहे. तथापि औषध मनाने बंद करणे त्याहून वाईट, कारण फेफऱ्याने आई व गर्भ दोघेही संकटात सापडतात. औषध बदलून घेण्यास काही महिने लागतात.

या सर्व विवेचनात पतीचा उल्लेख अद्याप आला नाही आणि समाजातही तो असाच राहून जातो. पुरुषाचे बीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू, गुटखा, अतिमद्यपान, व्यायामशाळेत घेतली जाणारी स्टेरॉईडची इंजेक्शने यांचा परिणाम त्या बीजावर होतो. व्यसन आज सोडले तर त्याचे फळ तीन महिन्यांनी दिसते. स्त्रीने तर मद्य पूर्णच वर्ज्य करावे, कारण गरोदरपणात मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास, आणि स्त्रीचे वय ३५ हून अधिक असल्यास सहाच महिन्यांनी, उभयतांनी तपासणी करून घ्यावी. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही दोष आढळतो. तरीही देवाला कौल लावण्यापासून दुसऱ्या लग्नाच्या गोष्टीपर्यंत सारे सुनेवरच घडते. वास्तविक पुरुषाची चाचणी सर्वांत सोपी व स्वस्त, म्हणून ती प्रथम व्हावी. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ पासून कृत्रिम गर्भधारणेचे उपचार विनामूल्य उपलब्ध झाले आहेत.

गोव्यातील एका वर्गाचा येथे वेगळा विचार करणे अगत्याचे आहे. तो म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवट्यांचा. सहा-आठ महिने बोटीवर आणि दोन महिने घरी असा त्यांचा क्रम. रजेचे दिवस मोजके असल्याने तपासणीस सवड मिळत नाही आणि गर्भधारणा अगदी पहिल्याच आठवड्यात होऊ शकते. अशा घरातील स्त्रीने पती येण्याच्या तीन महिने आधी आपल्या तपासण्या उरकाव्यात आणि निदान एक महिना आधी फॉलिक ॲसिड सुरू करावे. पतीची तपासणी तो परतताच करावी.

पैशाचा विचार आधी केला तर दृष्ट लागते, असा समज अजून आढळतो. बाळंतपणाच्या आदल्या रात्री सोने गहाण टाकण्यापेक्षा हा धोका पत्करलेला बरा. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, आहार व वाहन ही सोय २०११ पासून विनामूल्य आहे. सिझेरियन शस्त्रक्रियाही तीत येते. मग खर्च कशाला, असे कोणी विचारील. काणकोण, सांगे वा सत्तरीहून बांबोळीस जाणाऱ्या सोबत्यांचे येणे-जाणे, त्यांचे जेवण, बुडालेली मजुरी आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मल्यास तेथे लांबणारा मुक्काम, हा तो खर्च. ज्या घरचा महिन्याचा खर्च १८,००० रुपये आहे, त्याने तीन महिन्यांचे ५४,००० रुपये बाजूस ठेवावेत. गृहआधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये आणि पतीच्या कमाईतील तितकेच, असे ३,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकले तर दीड वर्षात ही रक्कम व्याजाविना जमते. लाडली लक्ष्मी योजनेतून लग्नानिमित्त मिळणारे एक लाख रुपये मंडप आणि जेवणावळीत संपविण्याऐवजी त्यांतील काही भाग मुदत ठेवीत ठेवता येईल. लग्नासाठी काढलेले कर्ज फिटण्यापूर्वी मात्र ठेवीचा विचार जपून करावा, कारण कर्जाचे व्याज ठेवीच्या व्याजाहून अधिक असते.

नोकरदार स्त्रीस प्रसूतीची २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली व सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेले असावे लागते. राज्य विमा योजनेखालील स्त्रीच्या नावे आधीच्या दोन अंशदान कालखंडांत निदान ७० दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. वेर्णा, कुंडई येथील कारखान्यांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या स्त्रियांनी ही वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, हे आधीच पाहावे. सातव्या महिन्यात कळून उपयोग नसतो. खासगी आरोग्य विम्यात तर बाळंतपणाच्या खर्चासाठी कित्येकदा दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा असते. गर्भ राहिल्यावर काढलेला विमा त्या बाळंतपणास कामी येत नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात. ही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. विवाहानंतर आडनाव, आणि कित्येक घरांत वधूचे नावही, बदलते. आधार पत्रिकेवर एक नाव व बँकेत दुसरे असे झाले की हप्ता अडतो. अंगणवाडी सेविकांचा पुष्कळसा वेळ या नावांच्या घोळात जातो. लग्नाची नोंदणी होताच दोन्हीकडे एकच नाव करून घेतल्यास तो वाचेल.

गोव्यात लागू असलेल्या १८६७ च्या नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः उभयतांची असते. व्यवहारात मात्र पत्नीस पतीच्या खात्यात किती आहे याचा पत्ता नसतो. रजेत गर्भ राहिला तर तारवट्याच्या घरी प्रसूतीची वेळ बहुधा तो समुद्रावर असतानाच येते. रात्री अपरात्री रुग्णालय गाठावे लागल्यास पैसे काढणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. दोघांच्या नावे खाते उघडून त्यावर दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने व्यवहार व्हावा अशी सूचना बँकेस लेखी द्यावी, आणि हे काम पती बोटीवर चढण्यापूर्वी पुरे करावे.