स्टेडियमचे कर्ज फेडतो कोण?
सरकारी रोख्यांतून बांधलेले स्टेडियम आपला खर्च आपणच काढते, असा सर्रास समज आहे. शिकागोजवळच्या ब्रिजव्ह्यू या छोट्या उपनगराने सॉकरसाठी (म्हणजे आपला फुटबॉल) स्टेडियम उभारले. ते २००६ मध्ये खुले झाले. पैसा आला ‘जनरल ऑब्लिगेशन बाँड’मधून (गावाच्या एकूण करवसुलीच्या हमीवर काढलेले कर्जरोखे). पगार तारण ठेवून दुकान टाकावे, तसेच हे: गल्ला रिकामा राहिला तरी हप्ता पगारातून कापला जातो. इथेही तिकिटे, भाडे, पार्किंगचे उत्पन्न कमी पडले आणि मालमत्ता कर वाढला. सामना कधीच न पाहिलेल्यांचाही. इथे खेळणाऱ्या ‘शिकागो फायर’ संघाने २०१९ मध्ये स्टेडियमच्या भाडेकरारातून सुटण्यासाठी सुमारे ६.५ कोटी डॉलर कबूल केले. संघ शिकागो शहरात परतला. स्टेडियम आणि उरलेले कर्ज गावाकडेच राहिले.