दारूच्या दुकानाचा परवाना कोण देतो? व्यापाऱ्यांनी कोणते दार ठोठवावे?

आपल्या व्यापारी बंधूंकडून आम्हाला एक सवाल वारंवार विचारला जातो. बाजाराच्या गल्लीत बियर बार किंवा वाइन शॉप येणार अशी खबर लागली तर काय करावे? बहुतेक जण नगरसेवकाकडे धाव घेतात. पन्नास-शंभर सह्यांचे निवेदन देतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि सारे आपापल्या गादीवर परत येतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच केले आणि वेळ गमावून बसलो. म्हणून हा विषय आज जरा तपशिलाने मांडत आहोत.

पहिली गोष्ट अशी की महाराष्ट्रात दारूचा परवाना महानगरपालिका देत नाही. मादक पेयांचा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत ठेवला आहे. आपल्याकडे त्यासाठी १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे. आता तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. विदर्भ १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर हा कायदा नागपुरालाही लागू झाला. नाव दारूबंदीचे असले तरी विक्रीचे सारे परवाने याच कायद्याखाली निघतात. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. असा परवानाधारक जिथे बसून पिऊ शकतो ती 'परमिट रूम', असा त्या पाटीचा अर्थ आहे. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो कागद असतो, हे न विचारलेलेच बरे.

परवान्याचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या अधीक्षकांकडे जातो आणि निर्णय जिल्हाधिकारी देतात. त्यांच्या आदेशाविरुद्ध उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येते. महापालिकेचा संबंध इमारतीचा नकाशा, जागेचा वापर, अग्निशमनाचे ना-हरकत एवढ्यापुरता. ऑर्केस्ट्रा किंवा नाचगाण्याचा परवाना पोलिस आयुक्तांकडून मिळतो. म्हणजे एका बारसाठी तीन-चार कचेऱ्या, आणि त्यात दारूबद्दल सर्वांत कमी अधिकार त्या कचेरीला, जिथे आपण सर्वांत आधी जातो.

आता आमचा अनुभव. गांधीबाग भागात आमच्या कापडाच्या गल्लीच्या तोंडाशी परमिट रूम येणार असे कळले. आमचा निम्मा धंदा सायंकाळचा. लग्नसराईत आणि रमजानमध्ये कामठी, उमरेड, भंडाऱ्याकडून बायका-मुली ड्रेस मटेरियल व साड्या घ्यायला येतात आणि आरामात बसून माल पाहतात. आम्ही सह्या गोळा करून एका लोकप्रतिनिधीकडे निवेदन दिले. त्यांनी ते महापालिकेत पुढे पाठवले. तिथून पत्र दुसऱ्या खात्यात गेले. तीन महिने आम्ही निर्धास्त होतो. तेवढ्यात परवाना निघाला.

मग आम्ही योग्य कचेरीत पोचलो. गल्लीच्या मागे मशीद आहे आणि आम्ही स्वतः टेपने मोजून साठ मीटर अंतर काढले होते. अधिकाऱ्याने शांतपणे दोन प्रश्न विचारले. मोजणी कोणत्या वाटेने केली? आणि मशिदीचा नोंदणीचा कागद कुठे आहे? दोन्हींचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

हे दोन प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावेत. परमिट रूमसाठी १९५३ च्या मुंबई विदेशी मद्य नियमांत शाळा व धार्मिक स्थळापासून ७५ मीटरची अट आहे. पण हे अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत. बारच्या दरवाजाच्या मध्यापासून, माणूस रोज ज्या जवळच्या वाटेने पायी जातो त्या वाटेने, संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. आम्ही भिंतीवरून टेप टाकला होता. पायवाटेने वळसा घेऊन तेच अंतर अठ्ठ्याऐंशी मीटर भरले. तीस वर्षे गजाने आणि मीटरने कापड मोजणारे आम्ही, आणि इथे मोजण्यातच चुकलो!

दुसरी बाब नोंदणीची. नियमाच्या भाषेत धार्मिक संस्था म्हणजे मंदिर, मशीद, चर्च, अग्यारी वगैरे, पण जी नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनाखाली आहे ती. शैक्षणिक संस्था म्हणजे सरकारने, स्थानिक संस्थेने किंवा विद्यापीठाने मान्य केलेली शाळा वा कॉलेज. खासगी शिकवणीचा वर्ग त्यात बसत नाही. घराच्या ओसरीत चालणारा मकतब किंवा बिननोंदणीची जुनी इबादतगाह मोहल्ल्याच्या मनात कितीही मोठी असली तरी फायलीवर ती नसल्यात जमा. आणखी एक अट ध्यानात ठेवावी. परवाना आधी आणि शाळा किंवा मशीद नंतर, असे असेल तर अंतराचा नियम जुन्या बारला हलवू शकत नाही. मुतवल्ली आणि शाळांचे चालक यांनी आपले कागद आजच तपासून घ्यावेत.

वाइन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांची गोष्ट वेगळी. त्यांचे नवे परवाने राज्याने सत्तरच्या दशकापासून थांबवले. मग नव्या वस्तीत नवी पाटी कशी दिसते? बहुधा जुनाच परवाना एका जागेवरून दुसऱ्या जागी स्थलांतरित होऊन आलेला असतो. हरकत घ्यायची ती स्थलांतराचा अर्ज विचारात असताना. शटर उघडल्यावर घेतलेल्या हरकतीत जोर राहत नाही. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गाळ्यात बियर शॉपी किंवा वाइन शॉप उघडायचे असेल तर त्या संस्थेचे ना-हरकत लागेल. ज्यांचे गाळे सोसायटीत आहेत त्यांच्या हाती हे चांगले हत्यार आले. आमच्यासारख्या जुन्या बाजाराच्या गल्लीत मात्र सोसायटीच नसते.

चालू दुकान बंद करण्याची वाट म्हणजे मतदान, ज्याला लोक 'आडवी बाटली' म्हणतात. २५ मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील किंवा वॉर्डातील २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी लेखी मागणी करायची. खाते सह्या पडताळते, मग गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. आडवीला यादीतील निम्म्याहून जास्त मतदारांची मते मिळाली पाहिजेत. नुसती मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी नव्हे. जे आले नाहीत ते जणू दुकानदाराच्या बाजूचे. मागणी फसली तर वर्षभर पुन्हा मतदान नाही.

खेड्यात हे जमते. नागपुरात हिशेब करून पाहा. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ३८ प्रभाग होते, नगरसेवक १५१ आणि मतदार वीस लाखांच्या वर. म्हणजे एका प्रभागात सरासरी पन्नास हजारांहून अधिक मतदार. पूर्ण प्रभाग धरला तर सर्व मतदारांच्या बाजूने चौथाई सह्या म्हणजे साडेबारा-तेरा हजार! एका गल्लीतील दुकानासाठी एवढ्या सह्या कोण गोळा करणार, आणि दोन किलोमीटर दूर राहणारा मतदार त्यासाठी रांगेत का उभा राहील? वॉर्डातील मतदानाच्या आकड्याबद्दल २०२५ मध्ये विधानसभेत वेगळी घोषणाही झाली. म्हणून कुणी या वाटेने जाणार असेल तर आधी अधीक्षक कार्यालयातून चालू आदेशाची प्रत मिळवावी.

इंग्लंडात ही व्यवस्था उलटी आहे. तिथे २००३ च्या लायसन्सिंग कायद्याने दारू आणि करमणूक, दोन्हींचे परवाने नगर कौन्सिलकडे दिले. प्रत्येक कौन्सिलला आपले धोरण छापावे लागते आणि किमान दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. मंजुरीपूर्वी पोलिस, परवानाधारक, व्यापारी आणि रहिवासी यांचे मत घ्यावे लागते. एखाद्या भागात दुकानांची गर्दी आधीच झाली असेल तर कौन्सिल तसे धोरणात नोंदवते आणि नव्या अर्जाला नकार देणे सोपे जाते. आपल्याकडे महापालिकेच्या सभेत ठराव होऊ शकतो, पण तो शिफारसच राहतो.

शिफारस वाया जातेच असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात शेकडो ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले आणि राज्य सरकारने १ एप्रिल २०१५ पासून बंदी लावली. २०२१ मध्ये सरकारनेच ती उठवली. लावणे आणि उठवणे, दोन्ही मुंबईत ठरले. न्यायालयाचे आदेशही असेच वरून येतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतील दुकाने बंद करायला सांगितले. जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले की महापालिका व नगरपालिका हद्दीतील परवान्यांना हा आदेश आड येत नाही. डान्स बारच्या २०१६ च्या कायद्यात शाळा व धर्मस्थळापासून एक किलोमीटरची अट होती. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, कारण शहरात अशी जागाच सापडणार नाही.

तेव्हा खबर लागताच सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयात आणि उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे लेखी हरकत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. सोबत शाळेची मान्यता, न्यासाच्या नोंदणीचा उतारा आणि पायवाटेने मोजलेल्या अंतराचा नकाशा जोडावा. ऑर्केस्ट्राची चर्चा असेल तर एक प्रत पोलिस आयुक्तांना. नगरसेवकाला प्रत जरूर द्यावी, पण शेवटी. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. परवान्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून तक्रारी असतील तर फेब्रुवारीपर्यंत फायलीवर गेलेल्या बऱ्या.

आमच्या गल्लीतली ती परमिट रूम अजून चालू आहे. आम्ही सायंकाळी सातला शटर ओढतो आणि कामठीच्या गिऱ्हाईकांना दुपारी यायला सांगतो. मशिदीच्या नोंदणीची फाइल मात्र आता पूर्ण झाली आहे, आणि तिची एक प्रत आमच्या दुकानाच्या कपाटात आहे.